चुली मोजताना

संपादकांनी फोनवर सांगितलं, शाळेच्या आठवणी लिहा. शाळेच्या आठवणी प्रत्येक निवृत्त शिक्षक लिहितो आणि त्या सगळ्यांत एक वांड पोरगा असतो, जो पुढे कलेक्टर होऊन गुरुजींच्या पाया पडतो. माझा एकही विद्यार्थी कलेक्टर झालेला नाही. एक पटवारी झाला, आणि तो मला रस्त्यात बघून मोटारसायकलचा वेग वाढवतो, कारण त्याचे पाढे अजून कच्चे आहेत हे मला ठाऊक आहे. तेव्हा शाळा राहू द्या. मी लिहिणार आहे ते दुसऱ्याच कामाबद्दल, जे माझ्या नोकरीच्या हुकमात कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि जे मी शिकवण्याइतकंच केलं. ते काम म्हणजे मोजणं.

सरकारला काहीही मोजायचं असलं की त्याला शिक्षक आठवतो. माणसं, मतदार, शौचालयं, शाळेत न येणारी मुलं, कवेलूची म्हणजे कौलांची घरं, पत्र्याची घरं, हे सगळं मी मोजलेलं आहे. भंडाऱ्याच्या पलीकडे, हिंदी मुलखातल्या आमच्या वारासिवनी तहसिलीतली बरीचशी गावं, दोनदा लालबर्‍याकडची आणि एकदा पार लांजीकडची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, एका डब्यात कालवलेला गेरू आणि ब्रश. गेरू दारावर नंबर टाकायला. आता म्हणे सगळं मोबाइलवर होतं. होऊ द्या, पण मोबाइलला चुलीची राख कळत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मोजणं म्हणजे दारात उभं राहून नावं उतरवून घेणं. तसं नसतं. आधी मोजायचं मकान, म्हणजे भिंती आणि छप्पर. भिंत मातीची की विटांची, वर कवेलू की पत्रा की स्लॅब, खोल्या किती, पाणी कुठून. मग त्या मकानात राहणारे परिवार मोजायचे. एका मकानात एकच परिवार असेल असं नाही, चारसुद्धा निघतात. आणि परिवार कशाला म्हणायचं याची कसोटी आम्हाला प्रशिक्षणात एकच शिकवली होती: जे एका चुलीवरचं जेवतात तो एक परिवार. सख्खे भाऊ असले आणि चुली दोन असल्या, तर परिवार दोन. बाकी सगळं, म्हणजे रेशन, आवास योजनेतलं सरकारी घर, गॅस, हे त्या परिवारामागून येतं. फॉर्मात जो परिवार नाही तो सरकारच्या लेखी नाहीच.

माझे पुरुष सहकारी अंगणातल्या खाटेवर बसत, चहा घेत आणि घरधनी सांगेल ते लिहीत. मी बाई. मी पिशवी ठेवून थेट रांधायच्या खोलीत जाई. तिथं बसून चार गोष्टी बोलायच्या आणि बोलता बोलता चुलीकडे बघायचं. राख ऊन आहे का, बुडाशी काजळी किती, मिठाचं भांडं कुठल्या चुलीपाशी आहे. एकदा चार भाऊ छाती काढून म्हणाले, आम्ही एकच आहोत. आत तीन चुली धगधगत होत्या आणि तीन जावा तीन दिशांना तोंड करून बसल्या होत्या. उलट लालबर्‍याच्या रस्त्यावरच्या एका गावात, अलग परिवाराला आवास मिळतो असं कानावर आल्याबरोबर एका जोडप्यानं अंगणात तीन दगड मांडून ठेवले होते. दगड इतके स्वच्छ होते की त्यांच्यावर देव मांडावेत. मी म्हटलं, वा, नवी चूल, मग घोटभर चहा होऊ द्या. ती पोरगी दगडांकडे बघून हसली, आणि सासूच्या चुलीवर चहा करायला आत गेली. दोघी हसत होत्या. मी परिवार एक लिहिला आणि चहा प्यायले.

आमदनीचा रकाना मात्र भल्याभल्यांना रडवतो. महिन्याची कमाई किती, असा सवाल असे. आमच्या जिल्ह्यात महिन्याची कमाई असते ती मास्तरांना आणि बाबूंना. बाकीच्यांचं वर्ष हंगामावर चालतं. लांजीकडच्या एका म्हातारीनं मला बोटांवर मोजून सांगितलं, मोहाचे इतके दिस, तेंदूपत्त्याचे इतके, धान रोवण्याचे इतके, कापणीचे इतके, आणि मग उरलेल्या बोटांकडे बघून म्हणाली, "हे खाली." रिकाम्या बोटांसाठी फॉर्मात रकाना नव्हता. आणि एका गृहस्थानं मोटारसायकल तणसाच्या ढिगात पुरून ठेवली होती, दुचाकी असली की गरीब धरत नाहीत म्हणून. फक्त आरसा बाहेर राहिला होता. मी आरशात बघून केस सारखे केले आणि दुचाकी लिहिली. धान कापून झालं की अर्धा टोला, म्हणजे अर्धी वस्ती, नागपूरला नाही तर हैदराबादेला कामाला जातो, आणि तेव्हा दारादारावर कुलपं असतात. किल्ली शेजारी, आणि माहितीही शेजारीच.

इतकं सगळं ऐटीत सांगितलं, कारण आता माझी चूक सांगायची आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. कटंगीच्या वाटेवरचं आहे एवढं पुरे. तो घरांचा मोठा सर्वे होता, ज्यावरून पुढे आवासाची यादी निघणार होती. धान निसवलं होतं, लवकर येणारं हलकं धान तर कापणीला आलं होतं. मी तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी पोचले तेव्हा अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली आणि आत नव्या तांदळाचा वास. त्यांचा त्या दिवशी नवं खायचा सण होता. नवं धान घरात आलं की आधी देवाला दाखवायचं आणि मग भाऊबंदांनी एकत्र बसून खायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ज्या घरी देव असेल त्या घरीच त्या दिवशी चूल पेटते. बाकी सगळ्यांच्या चुली सारवून थंड ठेवतात.

घरात तुळशीराम, त्याची बायको देवका, दोन मुलगे, एक मुलगी, आणि थोरल्या भावाची विधवा शेवंताबाई. शेवंताबाई मागच्या बाजूला, गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या मातीच्या खोलीत राहत होती. मी माझ्या सवयीप्रमाणे तिच्या खोलीतही डोकावले. तिथं एक चूल होती. गार, शेणानं सारवलेली, राखेचा कणही नाही. मी मनात म्हटलं, ही काही चालती चूल नाही. तरी विचारलं, जेवता कुठं?

"इथंच," ती म्हणाली, "सगळ्यायसंग."

मी लिहिलं, मकान एक, परिवार एक, माणसं सहा, परिवारप्रमुख तुळशीराम. मग देवकानं पानावर नव्या तांदळाचा भात आणि गुळाची खीर वाढली, ती मी पोटभर खाल्ली. तुळशीराम बोलका माणूस. त्यानं सांगितलं की देव खरा थोरल्या घरी असायचा. थोरला गेला तेव्हा शेवंतावहिनीनंच देव इकडे आणून दिला, कारण तिच्या खोलीत देव मांडायला कोरडी भिंत नव्हती. हे मी ऐकलं, मान डोलावली आणि दारावर नंबर टाकून पुढच्या घरी गेले.

आमच्या स्वतःच्या घरीही नवं खातात. भंडाऱ्याकडून आजोबा ती रीत घेऊन आले. पण आमचे भाऊबंद नागपूर आणि भिलाईला पांगले, त्यामुळे वारासिवनीच्या आमच्या घरात त्या दिवशी माझीच एक चूल असते आणि ती पेटलेली असते. थंड चुलीचा अर्थ मला त्या दिवशी सुचला नाही, तो याच कारणानं. ही सबब नाही, कारण तुळशीरामच्या घरचा वास माझ्या नाकात होता आणि खीर माझ्या तोंडात होती.

दोन पावसाळ्यांनी शेवंताबाई माझ्या शाळेत आली. पायी. मधल्या सुट्टीची वेळ होती, ती व्हरांड्याच्या पायरीवर पदरानं तोंड पुसत बसली होती. मला बघून उठली. आमच्याकडे बायाही मी येतो, मी जातो असंच बोलतात, ते ऐकायची सवय नसेल त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

"बहनजी, तुमी मले कोनाच्या घरात लिवलं?"

मी म्हटलं, तुळशीरामच्या.

"त्याच्या घरात मी रायतो, पन रांधतो अलग. बारा वर्सं झाले. आता आवासाची लिस्ट आली, तर पंचायतचा सचिव म्हनते, तुहं नावच नाही. तुळशीरामचं पक्कं घर हाय, तं तुलेबी हाय. माही मांगची भिंत पडून राह्यली."

मला वाटलं ही खोटं बोलते आहे. ते स्वच्छ तीन दगड डोळ्यांपुढे आले. मी जरा तोऱ्यातच विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसोबत जेवतो काहून म्हटलं?

ती चिडली नाही. पहिलीच्या पोराला समजवावं तसं तिनं सांगितलं, "नवं खायचा दिस होता न, बहनजी. त्या दिवशी घरात अलग म्हनत नाही."

 चुलीची राख बघून माणसं ओळखणारी मी, वर्षातल्या नेमक्या त्या एका दिवशी चूल मोजायला गेले होते, ज्या दिवशी ती थंड असते. तिनं रीत पाळली आणि मी तिला यादीतून पुसून टाकलं. मला तिच्यासमोर फार लाज वाटली.

दोघी जावांमध्ये भांडण होतं म्हणाल तर तेही नव्हतं. देवका मीठ कमी घालते, शेवंताबाईला खारट आवडतं, नवरा गेल्यावर एक-दोन महिने तिनं अळणी गिळलं आणि मग आपली चूल मांडली. एवढीच हकीकत. शेळ्या पाळायची, रोवण्याला जायची, आपलं आपण शिजवून खायची. भाजीची वाटी इकडून तिकडे रोज जात होती.

माझे यजमान तहसील कचेरीत बाबू होते, कागदाच्या वाटा त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, चूक झाली असं लेखी देऊ नको. सर्वेनंतर परिवार अलग झाला, असं लिही, तुझ्यावर काही येणार नाही आणि तिचंही काम होईल. सल्ला सोयीचा होता. मी कागद काढला, दोन ओळी लिहिल्याही. मग माझ्या लक्षात आलं की याचा अर्थ तुळशीरामनं विधवा वहिनीला परवा-परवा चुलीवरून उठवलं असा होतो. मी वाचावं म्हणून त्याच्या नावाला काळं का फासायचं? तो कागद फाडला आणि सरळ हिंदीत लिहून दिलं की सर्वेच्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. मला कारण दाखवा नोटीस आली. सर्व्हिस बुकात एक ओळ चढली. माझ्या अख्ख्या नोकरीत ती तेवढी एकच आहे आणि तिच्याबद्दल मला आता फारसं वाईट वाटत नाही.

पण माझ्या कबुलीनं भागणार नव्हतं. कचेरीनं सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आणा. ग्रामसभेत घरच्यांनी उठून सांगायचं की ही बाई अलग आहे. मी आधी तुळशीरामला भेटायला गेले. तो बैलांना पेंढा टाकत होता. ऐकून घेतलं आणि हातातली पेंढी तशीच धरून उभा राहिला.

"बहनजी, वयनीले घर भेटलं तं मले काय वाईट वाटंन? पन अख्ख्या गावासमोर मी कसा म्हनू, का वयनी अलग खाते? लोक म्हनतीन, भाऊ मेला आनं यानं तिले चुलीवरून उठवलं."

शेवंताबाईला विचारलं, तूच सांग. तिनंही मान हलवली. "त्यानं नाही उठवलं मले. मी त्याच्यासमोर तसं कायले बोलू?" तिच्या खोलीच्या पडक्या बाजूला ताडपत्री लावलेली होती आणि ती त्या पावसाळ्यात कोठ्यात, गुरांशेजारी निजत होती. घर हवं होतं तिला, जिवापासून हवं होतं. पण दिराचं नाव खाली घालून नको होतं. मला दोघांचाही राग आला, आणि घरी येताना वाटेत राग ओसरला, कारण दोघांचंही बरोबर होतं.

ग्रामसभा त्यांच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात भरली. पुरुष पुढं सतरंजीवर, बाया मागं भिंतीला टेकून. सचिवानं आमचा मुद्दा वाचला आणि विचारलं, "शेवंताबाई अलग हैं क्या? बताओ भाई, घरवाले." तुळशीराम खाली बघत राहिला. शेवंताबाईनं पदर तोंडाशी धरला. सचिव रजिस्टर मिटायला लागला.

मी रात्रभर, नव्हे आठवडाभर, याच क्षणाची धास्ती घेतली होती आणि काय करायचं ते मला सुचलं ते तिथं, त्या क्षणी. वर्गात चाळीस पोरं गप्प बसली की एकाला प्रश्न विचारायचा नसतो, सगळ्यांना विचारायचा असतो. मी उठले आणि म्हटलं, मला एकच विचारायचं आहे आणि तेही फक्त बायांना. आज सकाळी जिनं जिनं आपल्या हातानं आपली चूल पेटवली, तिनं हात वर करावा.

बाया आधी हसल्या. हा कसला सवाल, असं एकमेकींकडे बघितलं. मग एकेक हात वर यायला लागला. सरपंचाच्या घरचा, शेजारच्या म्हातारीचा, नव्या सुनांचे बांगड्या भरलेले. देवकानं हात वर केला. तिच्याशेजारी बसलेल्या शेवंताबाईनं थोडा वेळ घेतला. मग पदराखालून तिचाही हात वर आला, कोपरापर्यंतच, पण वर आला. अलग हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. एका दारातून आलेल्या दोन बायांचे दोन हात वर होते आणि सगळं गाव मान वळवून ते बघत होतं.

तुळशीराम उठून उभा राहिला. 

"मोजून घ्या, बहनजी," तो म्हणाला.

मी दोनदा मोजले. सचिवानं ठराव लिहिला.

त्यानंतरही कागद वर जाऊन खाली यायला वेळ लागला आणि शेवंताबाईचा आणखी एक पावसाळा कोठ्यात गेला. त्या पावसाळ्याचं मला आजही वाईट वाटतं, ते काही भरून निघालेलं नाही. आणि दुसरं वाईट वाटतं ते असं, की शेवंताबाई पायी चालत माझ्यापर्यंत आली म्हणून मला कळलं. जी आली नाही तिचं काय? त्या सर्वेत मी शेकडो दारांवर नंबर टाकले. त्यातल्या एखाद्या दारामागं अशीच सारवलेली गार चूल असेल, तर तिला मी काय लिहिलं, ते मला माहीत नाही. माझ्यानंतर जी तरुण मंडळी हे काम करतात त्यांना मी भेटेल तिथं एवढंच सांगते, घरी सण असला तर खीर खा आणि उद्या परत जा.

घर झालं. एक खोली, तिला लागून रांधायची जागा, वर स्लॅब, दाराला हिरवा रंग. विटा तुळशीरामच्या दोन्ही पोरांनी वाहिल्या आणि पाणी देवकानं मारलं. मी एकदा वाटेवरून जाताना बघितलं, शेवंताबाई उगाचच भिंतीवर हात फिरवत होती.

मी निवृत्त झाले त्या वर्षी हलकं धान घरात आल्यावर तुळशीरामचा फोन आला. म्हणाला, नवं खायले या, आणि कोणाच्या घरी ते विचारू नका, आल्यावर दिसंन. मी गेले. हिरव्या दारापुढं रांगोळी होती. आत समोरच्या भिंतीला, विटांच्या कोरड्या भिंतीला, देव मांडलेले होते. थोरल्या घरचे देव थोरल्या घरी आले होते, तुळशीरामनंच आणून दिले होते. चुलीपाशी शेवंताबाई बसली होती आणि देवका तिला लाकडं पुढं सारून देत होती. तुळशीरामची मुलगी आता सासरी गेली होती, थोरल्या मुलाची बायको घरात आली होती, तिच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता.

सवय कुठं जाते? मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारानं तुळशीरामच्या घरात डोकावले. देवकाची चूल सारवलेली होती. मी वाकून हात लावून पाहिला, गार होती.

परत येऊन पानावर बसले. शेवंताबाईनं भात वाढला, वर खीर, आणि भाजीत मीठ जरा जास्तच होतं. देवकानं ते मुकाट्यानं खाल्लं. वाढता वाढता शेवंताबाई माझ्यासमोर थांबली, ओठ दाबून हसली आणि म्हणाली, "आज नाही मोजत का, बहनजी?"

मी मोजलं. चूल एक, परिवार एक, माणसं सहा, पाहुणी धरली नाही. परिवारप्रमुख शेवंताबाई. हे कुठल्याही फॉर्मात लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.